बार्शीची बिननावाची खानावळ, आणि मला तिथे नेणारे अनोळखी लोक

पतसंस्थेचं ऑडिट करायला गेलं की दुपारी एकच्या सुमारास व्यवस्थापक हमखास विचारतात, "मॅडम, जेवण इथंच मागवू ना?" मी बावीस वर्षं नाही म्हणत आले आहे. ज्यांची किर्द तपासायची त्यांचं मीठ खायचं नाही, हे मी ज्या साहेबांच्या हाताखाली शिकले त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. चहा घेते. जेवण घेत नाही.

31 मार्चला वर्ष संपलं की चार महिन्यांत लेखापरीक्षण पुरं करावं लागतं. म्हणजे एप्रिल ते जुलै मी सांगलीच्या घरी कमी आणि जत, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, बार्शी या गावांत जास्त असते. उन्हाळा, एसटी, खांद्यावर लॅपटॉप, आणि जेवायला पाऊण तास. परक्या गावात, एकटीने. त्या पाऊण तासात चुकीच्या ठिकाणी शिरलं तर नुसते पैसे जात नाहीत, सगळी दुपार जाते. पोट बिघडलं तर दुसरा दिवसही जातो.

या बाबतीत गेली आठ वर्षं माझा सगळा भरवसा गुगल मॅप्सवर लोकांनी लिहिलेल्या अभिप्रायांवर आहे. समीक्षकांच्या नाही, जेवून उठलेल्या साध्या माणसांच्या. त्या सेवेबद्दल आणि बार्शीतल्या एका खानावळीबद्दल मी इथे एकत्रच लिहिते आहे, कारण एकीशिवाय दुसरी मला सापडली नसती.

खानावळीला नाव नाही. पाटीवर "घरगुती जेवण मिळेल" एवढंच आहे, तेही बोळाच्या आतल्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसत नाही. एसटी स्टँडपासून चालत सात-आठ मिनिटं. एका बाजूला इस्त्रीचं दुकान, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. आत सहा टेबलं, मागे चूल नाही, गॅसच, पण तवा लोखंडी आणि भाकरी थापून केलेली. नकाशावर ही जागा मालकिणीने टाकलेली नाही. कुणा जेवणाऱ्याने टाकली, पाटीचा फोटो लावला आणि पाटीवर जे लिहिलंय तेच नाव म्हणून भरलं.

2023 च्या जूनमध्ये मी पहिल्यांदा गेले, त्या दिवशी माझ्या फोनवर दोन पर्याय होते. एक मोठं हॉटेल, 4.7 तारे, चारशेच्या वर अभिप्राय. दुसरी ही खानावळ, 3.9, अभिप्राय 58.

मी व्हाउचर तपासते तसे अभिप्राय तपासते. व्हाउचरवर तारीख, रक्कम, कशासाठी आणि कोणाला, या चार गोष्टी नसतील तर नुसत्या सहीला मी किंमत देत नाही. मोठ्या हॉटेलचे अभिप्राय "नवीन आधी" असे लावून पाहिले. "छान जेवण, छान सेवा." "अप्रतिम." "कुटुंबासह जरूर भेट द्या." पंधरा-वीस वाचले तरी तिथे काय चांगलं मिळतं ते मला कळेना. भाजीचं नाव नाही, भाव नाही, वेळ नाही. बरेचसे एकाच पंधरवड्यातले, आणि लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी आयुष्यात तेवढा एकच अभिप्राय लिहिलेला. यातला प्रत्येक खोटा आहे असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण त्यांतून मला जेवायला कुठे जायचं हे ठरवता येईना, एवढं खरं.

मग खानावळीचे 58 वाचले. एक तारा देणारा म्हणतो, भाकरी यायला वीस मिनिटं लागली. दुसरा एक तारा: दोननंतर गेलो, आमटी संपली होती. तिसरा: एसी नाही, पनीर नाही. दोन तारे: आमटी फार तिखट, मागितल्यावर ताक दिलं पण त्याचे दहा रुपये वेगळे लावले. वरच्या बाजूला पाच ताऱ्यांचे होते, त्यांतही असंच. "सोमवारी शेंगाची आमटी, बाकी दिवस येसर आमटी." "मंगळवारी बंद." "भरलं वांगं फक्त पहिल्या पंगतीला." 2021 मधल्या एकाने ताट 80 रुपये लिहिलं होतं, 2022 मधल्या दोघांनी 90. भाव कसा वाढत गेला त्याची खतावणीच तिथे होती, कुणी न मांडता मांडलेली.

तक्रार करणाऱ्या माणसाइतकी बारीक माहिती कुणी देत नाही. वीस मिनिटं भाकरीची वाट पाहिली याचा अर्थ मला भाकरी तव्यावरून उतरलेली मिळणार. दोनला आमटी संपते याचा अर्थ ती रात्रीसाठी ठेवून गरम केलेली नसते. एसी नसण्याचं मला काही नाही. तिखटाचा इशारा मात्र मी मनात नोंदवून ठेवला, आणि ताकाचाही.

पण मी उठून तिकडे गेले ते यांतल्या कशामुळेही नाही. बरंच खाली सरकवत गेल्यावर एका बाईचा अभिप्राय होता, चार तारे, तीन ओळी. "एकटी गेले होते. मावशींनी आतल्या खोलीत पंख्याखाली बसवलं, कुणी बघत बसलं नाही. मागे संडास-बाथरूम आहे, पाणी आहे, दाराला आतून कडी आहे."

दाराला आतून कडी आहे. बावीस वर्षं या कामानिमित्त फिरते आहे, पण कुठल्याही वर्तमानपत्राच्या खाद्यपुरवणीत मी हे वाक्य वाचलेलं नाही. तिथे रश्श्याची तर्री असते, मालकांचे आजोबा असतात, परंपरा असते. माझ्या पिढीच्या नोकरी करणाऱ्या बाया घरून निघताना पाणी कमी पितात, कारण वाटेत कुठे जाता येईल याची खात्री नसते. पुरवणीत लिहिणाऱ्याला कडी दिसत नाही, कारण त्याच्याबरोबर फोटोग्राफर असतो, मालक असतो, आणि परत जायला गाडी असते. ज्या बाईने ती ओळ लिहिली तिचं पूर्ण नावही तिथे नाही, नुसतं आद्याक्षर. तिला त्यातून एक पैसा मिळाला नाही. तरी तिने थांबून, फोन काढून, माझ्यासारख्या कुणासाठी तरी ते लिहून ठेवलं. मी तिची मनापासून ऋणी आहे.

आता जेवण. ताट आज 110 रुपयांना आहे. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, नंतर लागेल तशी एकेक, ज्यादा भाकरीचे 15. ज्वारी मंगळवेढ्याची असं मावशी सांगतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि भाकरी मोडल्यावर आतला पदर जसा सुटतो त्यावरून मला त्यांचं म्हणणं पटतं. येसर आमटी पातळ, गडद, वर तेलाचा तवंग अगदी बेताचा. येसर म्हणजे धान्यं-डाळी भाजून मसाल्याबरोबर दळलेलं पीठ. ते उकळत्या फोडणीत पडलं की आमटीला जी दाटी येते ती डाळीच्या आमटीला येत नाही. चुरून खावी. शेंगाची चटणी कुटलेली असते, मिक्सरमधली नाही, दाणा तेल सोडून चिकट झालेला कळतो. एक सुकी भाजी, कांदा, लिंबू. भात शेवटी, तो मात्र साधारण, कधी कधी मोकळा न झालेला. तिखटाबद्दल त्या दोन ताऱ्यांच्या माणसाने अगदी बरोबर लिहिलं होतं. मी पहिल्या घासालाच ताक मागितलं.

त्या 58 अभिप्रायांत एक वेगळा गठ्ठा होता, त्याबद्दल लिहायलाच हवं. बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोगाचं रुग्णालय आहे. धाराशिव, लातूर, बीडकडून पेशंट येतात, बरोबर एक-दोन माणसं येतात, आणि उपचार महिना महिना चालतात. त्या नातेवाइकांनी लिहिलेले अभिप्राय असे आहेत: "पेशंटसाठी बिनतिखट मुगाची खिचडी सांगितली तर करून देतात, आदल्या रात्री सांगावं." "डबा भरून मिळतो, डबा आपला आणावा." "माझ्या वडिलांना गिळता येत नव्हतं, ताकातली पेज गाळून दिली, पैसे घेतले नाहीत." कुणी तीन तारे दिलेत, कुणी पाच, तारे कसेही पडलेत. एकाने तर एकच तारा देऊन खाली भरभरून कौतुक लिहिलंय; एक म्हणजे पहिला नंबर असं त्याला वाटलं असणार. सरासरी काढणारं यंत्र त्याचा एकच धरतं. 3.9 मध्ये त्या भल्या माणसाचाही हात आहे.

म्हणून मी ताऱ्यांवर विसंबत नाही. आमच्याकडे संस्थेला ऑडिट वर्ग मिळतो, अ, ब, क, ड. "अ वर्ग" ही पाटी काउंटरच्या मागे मोठ्या अक्षरांत लागते आणि ठेवीदार तेवढंच वाचून पैसे ठेवतो. अहवालातले शेरे कुणी वाचत नाही. अ वर्गाच्या पाटीखाली ठेवी अडकलेली माणसं महाराष्ट्राने पाहिली आहेत. ज्याने शेरे वाचले असते त्याला आधीच काही कळलं असतं. तारे म्हणजे वर्ग, मजकूर म्हणजे शेरे.

याहून बरी पद्धत पूर्वी होती. न्यूयॉर्कमध्ये 1979 मध्ये टिम आणि नीना झागाट या वकील नवरा-बायकोने आपल्या मित्रमंडळींकडून हॉटेलांबद्दल मतं गोळा करायला सुरुवात केली. वर्तमानपत्रातल्या समीक्षकांपेक्षा रोज खाणाऱ्यांचं ऐकावं, एवढाच विचार. त्यातून पुढे मोठी मार्गदर्शिका झाली. तिची गोष्ट मला आवडते ती अशी की जेवण, सजावट आणि सेवा यांना तीसपैकी वेगवेगळे गुण असत. जेवण 24 आणि सजावट 9 असं छापलेलं दिसलं की जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. 2011 मध्ये ती कंपनी गुगलने विकत घेतली, नंतर 2018 मध्ये विकलीही. पण आमच्या खानावळीला आजही ठळकपणे दिसतो तो एकच आकडा, ज्यात भाकरी, एसी आणि पार्किंग एकत्र कालवलेले आहेत. या सेवेवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच.

दुसरा आक्षेप, मालक किंवा आचारी बदलला तरी जुने तारे तसेच राहतात. पंढरपुरात एका ठिकाणी मी याच कारणाने फसले. 2018-19 चे सुंदर अभिप्राय होते, मी तारखा न पाहता गेले. तेलाला जुना वास येत होता. बिलावर अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक नव्हता, जो 1 जानेवारी 2022 पासून बिलावर छापणं सक्तीचं आहे, चौदा आकडी असतो. चूक माझी होती, तारीख मी पाहायला हवी होती. आता गेल्या सहा महिन्यांचेच वाचते, आणि गिऱ्हाइकांनी टाकलेल्या फोटोंत काउंटरमागे परवान्याचा कागद दिसतो का हेही पाहते.

तिसरी गोष्ट महामार्गावरच्या एका मोठ्या हॉटेलातली. टेबलावर कार्ड होतं: पाच स्टार द्या, वेटरला दाखवा, आइस्क्रीम मोफत. शेजारच्या टेबलावर ताट यायच्या आधी एका मुलाने पाच तारे दिले. मला राग त्या मुलाचा आला नाही. पण एका आइस्क्रीमच्या बदल्यात पुढच्या प्रवाशाची वाट चुकवली जाते, ती आजारी असेल, एकटी असेल, तिच्याकडे पाऊण तासच असेल. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणलं, अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत, प्रसिद्ध करावेत यासाठी. ते ऐच्छिक आहे. ऐच्छिक लेखापरीक्षण कसं चालतं हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून ते सक्तीचं व्हावं असं माझं ठाम मत आहे.

आणि हे सगळं म्हणताना माझ्या हातून झालेली चूकही सांगते. मिरज भागात एका छोट्या घरगुती ठिकाणी मी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जेवले. आमटी खारट होती. मी थकलेले होते. दोन तारे दिले आणि लिहिलं, "आमटी खारट, लक्ष नाही." तिथे तोवर नऊच अभिप्राय होते. नऊ जणांचे मिळून 42 तारे, सरासरी 4.7. माझे दोन मिळाले की 44 भागिले दहा, 4.4. हजार अभिप्राय असलेल्या हॉटेलला माझे दोन तारे कळलेही नसते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी 2011 मध्ये सिएटल शहरातल्या हॉटेलांवर अभ्यास केला होता. येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढला की हॉटेलचं उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढतं असं त्यांना आढळलं, आणि हा फरक स्वतंत्र हॉटेलांना पडतो, साखळी हॉटेलांना नाही. ज्यांचं नाव आधीच जाहिरातीतून पोहोचलेलं असतं त्यांना आपल्या शब्दांची गरज नसते. आपला शब्द लागतो तो सहा टेबलांच्या जागेला, आणि तिलाच तो जखमही करतो.

चार दिवसांनी त्या घरातल्या सुनेचं उत्तर आलं होतं. "ताई, त्या दिवशी सासूबाई दवाखान्यात होत्या, स्वयंपाक मी एकटीने केला, मीठ दोनदा पडलं. पुन्हा या." लेखापरीक्षणात दोष दाखवला की संस्थेला दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. मी शेकडो वाचले आहेत, त्यांत इतका प्रामाणिक एकही आठवत नाही. मी मुद्दाम वाट वाकडी करून पुन्हा गेले, जेवले, आणि अभिप्राय बदलला. पहिला पुसला नाही. खाली दुसरी तारीख घालून लिहिलं, कारण आधीची नोंद खोडायची नसते. तेव्हापासून पहिल्या जेवणावर मी तीनपेक्षा खाली देत नाही, आणि ज्या दिवशी स्वतः वैतागलेली असेन त्या दिवशी लिहीतच नाही.

बार्शीला परत येते. गेल्या जूनमध्ये काम लवकर आटोपलं, एसटीला वेळ होता, चारच्या सुमारास खानावळीत पंखा लावून बसले. मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांच्याकडे साधा फोन आहे. लोक आपल्याबद्दल काही लिहितात एवढं ऐकून माहीत, वाचलं कधी नव्हतं. "वाचून दाखवता का मॅडम?" म्हणाल्या. मी सगळे वाचले, तोवर 83 झाले होते. इंग्रजीतले मराठी करून सांगितले. तिखटाच्या तक्रारीवर त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "तसं सांगायचं की मला, दुसरी वाटी दिली असती." एसीच्या तक्रारीवर काही बोलल्या नाहीत. कडीची ओळ आल्यावर हात थांबला. "ती कडी मी बसवून घेतली. आधी नुसती दोरी होती. माझी लेक म्हणाली, आई, बायका येतात." आणि पेजेचा अभिप्राय वाचला तेव्हा त्यांनी विचारलं, "त्याचे वडील कसे हायत, लिवलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा पाहिलं.

मग त्यांनी हिशेब विचारला, किती जणांना आवडलं, किती जणांना नाही. तारे बाजूला ठेवून मी मजकुरावरून मोजलं: 83 पैकी 67 जणांनी चांगलं म्हटलंय, नऊ जणांची खरी तक्रार आहे, सात जणांनी काहीच लिहिलेलं नाही, नुसते तारे. नऊपैकी चार तक्रारी भाताच्या. "भाताचं खरंय," म्हणाल्या. "गर्दीत कुकर लवकर उघडते." तांदूळ निवडणं पुन्हा सुरू झालं.

त्या संध्याकाळी एसटीत बसून मी माझा अभिप्राय नव्याने लिहिला, तो असा:

"जून, बुधवार, दुपारी 12.50. ताट 110, ज्यादा भाकरी 15, ताक 10. रोख किंवा झेरॉक्सवाल्याच्या कोडवर पैसे टाकता येतात. स्टँडकडून येताना नकाशावरची खूण चुकीच्या बोळात आहे, इस्त्रीच्या दुकानाचा बोळ धरावा. येसर आमटी आणि शेंगाची चटणी उत्तम, भात साधारण. आमटी खरोखर तिखट, न सोसणाऱ्यांनी बसतानाच सांगावं, मावशी वेगळी वाटी देतात. दीडच्या आत जावं. मंगळवारी बंद. पेशंटचं जेवण आदल्या रात्री सांगावं, डबा आपला न्यावा. बाया एकट्या जाऊ शकतात. बाथरूम मागे, अंगणातून डावीकडे. कडी आहे, मी लावून पाहिली, नीट बसते."